आठव्या वाढदिवसाचं सिंहासन

आठव्या वाढदिवसाला माझ्या वर्गातल्या मुलींना काय काय मिळालं होतं, ते मला अजून पाठ आहे. कुणाला कंपासपेटी, कुणाला फ्रॉक, एकीला तर डोळे मिटणारी बाहुली. मला सिंहासन मिळालं. थापा मारत नाही. लाल मखमलीचं, सोनेरी पाठीचं, पाठीवर पिसारा फुलवलेला मोर आणि हात टेकायला दोन्ही बाजूंना एकेक सिंह. लग्नात स्टेजवर नवरा-नवरी ज्या खुर्च्यांवर बसतात, त्यातलीच एक. आणि ती देणारा माणूस, त्यात एवढं काय, अशा चेहऱ्यानं आमच्या दारात उभा राहून चहाची वाट बघत होता.

या माणसाला अख्खी राजारामपुरी मंडपआप्पा म्हणायची. खरं नाव मल्लाप्पा, पण त्या नावानं त्यांना हाक मारणारं एकच माणूस होतं, त्याच्याकडे मी येणारच आहे. आप्पा आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहत आणि शेजारच्या बोळात त्यांचं गोडाऊन होतं. तिथं बांबू, कनाती, जाजमं, लोखंडी खुर्च्या आणि 'सुस्वागतम्'च्या कमानी यांचा असा काही खच पडलेला असे, की आत गेलेला माणूस बाहेर आला तर त्याच्या अंगाला कुठेतरी झालर चिकटलेली असायची. आमचे बाबा बँकेत, बदलीची नोकरी. कोल्हापूरला आलो तेव्हा आईला वाटलं होतं, जरा शांत गल्ली मिळाली. आप्पा दौऱ्यावर होते म्हणून ती शांत होती, हे चार दिवसांनी कळलं.

आप्पांचा आवाज मंडपाच्या या टोकावरून त्या टोकाच्या माणसाला हाका मारून तयार झालेला. घरात शिरला तरी तो लहान होत नसे. त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं, की समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत येत. बोलताना तोंडाच्या कोपऱ्यात एक खिळा धरलेला, खिशात सुतळीचा गुंडा. जगातल्या सगळ्या लांब्या-रुंद्या ते बांबूत मोजत. आमचं घर त्यांच्या लेखी दीड बांबूचं होतं आणि हे ते आईच्या माहेरच्या माणसांदेखत सांगत. शिवाय जे काही उभं दिसेल ते धरून हलवून बघायची खोड. आमचं कपाट, शाळेचं फाटक, रिक्षाचा दांडा, काहीही. एकदा बाबांना दवाखान्यात भेटायला आले आणि पहिल्यांदा सलाईनचा स्टँड हलवून बघितला. नर्स ओरडली, तर तिलाच म्हणाले, "बाई, हुबं ऱ्हायलं की झालं. हे काय खरं हुबं न्हाय." नर्सनं मुकाट्यानं दुसरा स्टँड आणला.

भेटी देण्याचं मात्र त्यांना वेड होतं. बाळ झालं, दुकान टाकलं, कुणी पास झालं, नापास झालं, आप्पा काहीतरी घेऊन हजर. पण बाजारातून आणलेली वस्तू ही त्यांच्या मते भेटच नव्हे. जे द्यायचं ते गोडाऊनमधलं, स्वतः वापरलेलं, "पारखल्यालं". समोरच्या डॉक्टरांना मुलगी झाली तेव्हा आप्पांनी तिला रांगायला म्हणून एक जाजम दिलं. त्यावर अख्खी पंगत बसली असती. डॉक्टरांच्या घरात ते उलगडायलाच जागा नव्हती, त्यामुळे ती पोरगी चालायला लागेपर्यंत गुंडाळलेल्या जाजमावर चढायला शिकली. पहिल्या मजल्यावरच्या सच्याला मुंजीत लाउडस्पीकरचा जुना कर्णा मिळाला. त्यानंतर महिनाभर गल्लीतल्या प्रत्येकाला, कुणाच्या घरी काय भाजी आहे, हे सच्याच्या तोंडून कळत होतं. शेवटी त्याच्या वडिलांनी तो कर्णा पन्हाळ्याला भावाकडे पोचवला आणि परत येताना हात झटकले.

तर माझं सिंहासन. एका लग्नात नवऱ्याच्या मित्रांनी नवऱ्याला खुर्चीसकट उचलून बँडपुढे नाचवलं होतं. नवरा वाचला, खुर्ची गेली. राहिली ती नवरीची. आता जोडीतली एकच खुर्ची लग्नाला कोण घेणार? आप्पांनी ती थोडे दिवस गोडाऊनमध्ये ठेवली आणि माझा वाढदिवस आला.

जिन्याच्या वळणावर ती अडकली. मोर वरच्या पायरीला, पाय खालच्या कठड्याला. वरची माणसं वर, खालची खाली. बँकेतून आलेले बाबा हातात बॅग घेऊन तळाशी उभे. "भाऊ, जरा दम धरा, सिव्ह फिरवतोय," आप्पा वरून ओरडले. शेवटी दोर बांधून खुर्ची गॅलरीतून वर ओढली. खाली ही गर्दी. लोकांना वाटलं, आमच्याकडे लग्न आहे. दोन बायका तर आईला विचारून गेल्या, मुलगी कुठली म्हणून.

आईचा चेहरा बघण्यासारखा होता. "अहो आप्पा, आठ वर्षांच्या मुलीला फ्रॉक देतात, खेळणं देतात."

"वैनी, फ्रॉक चार म्हैन्यात आकूड हुतोय," आप्पा शांतपणे म्हणाले. "ही कवाच आकूड हुनार न्हाय."

मला विचाराल तर यात न पटण्यासारखं आजही काही नाही.

खुर्ची बाहेरच्या खोलीत बसली आणि घर तिच्याभोवती जगायला लागलं. कॉट भिंतीला गेली. टीव्ही मोराच्या वरून बघावा लागे. मी त्यात बसून गृहपाठ करायची, पाय जमिनीला लागत नसत म्हणून खाली पाट. साताऱ्याचे आमचे एक काका दर वेळी येऊन घरातल्या उणिवा काढत. त्यांना त्यात बसवलं, तर पहिल्यांदाच चहा चांगला झालाय म्हणाले. आईनं मग ही युक्ती बऱ्याच पाहुण्यांवर केली. आणि मला ती खुर्ची मनापासून आवडत होती. वर्गातल्या त्या बाहुलीचा एक डोळा एव्हाना मिटायचा बंद झाला होता.

आता खरं सांगायचं ते पुढंच. एका हेडमास्तरांचा निवृत्तीचा सत्कार होता. सत्काराला खुर्ची एकच लागते. आप्पा वर आले, चपला दाराबाहेर काढल्या आणि आईकडे न बघता माझ्यासमोर उभे राहिले.

"मालकीण, सांजच्याला खुर्ची मिळंल काय?"

मला याआधी कुणी मालकीण म्हटलं नव्हतं. मी म्हणाले, "विचार करून सांगते." आईनं मला चिमटा काढला आणि म्हणाली, "न्या हो आप्पा, तिला काय विचारताय!"

"न्हाय वैनी. दिल्याली वस्तू हाय. तिला इच्यार करू दे." आणि हा माणूस खाली मंडप अर्धा उभा असताना आमच्या जिन्यात बसून राहिला. मी आत जाऊन काही विचार वगैरे केला नाही, भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि बाहेर येऊन हो म्हटलं. रात्री जेवणाआधी खुर्ची परत आली, पुसून स्वच्छ, आणि तिच्यावर पुडीत बुंदीचे लाडू. "खुर्चीचा वाटा," आप्पा म्हणाले.

मग हे नेहमीचंच झालं. एकदा मी शाळेत असताना त्यांची माणसं आईला सांगून खुर्ची घेऊन गेली, टेम्पोत चढवलीसुद्धा. मी घरी पोचते तोवर आप्पांना कळलं. त्यांनी टेम्पो थांबवला, खुर्ची उतरवली आणि त्या वळणाच्या जिन्यातून पुन्हा दोन मजले वर आणायला लावली. बाहेरच्या खोलीत जागच्या जागी ठेवली. मग मला विचारलं. मी हो म्हटलं. मग माणसांनी ती पुन्हा खाली नेली. त्यातला एक जण जाता जाता माझ्याकडे अशा नजरेनं बघून गेला, की मी मोठी होऊन काय करणार याची त्याला काळजी वाटत असावी.

आता आप्पांना नावानं हाक मारणारं ते एक माणूस. आप्पांची थोरली बहीण, शिवाक्का. पेठ वडगावला राहायची. आई-बाप लवकर गेले, तेव्हा आप्पा रांगत होते. अक्कानं म्हशी सांभाळल्या, दूध घातलं, भावाला वाढवलं, त्याचं लग्न करून दिलं. या सगळ्यात तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं. उंच, काटक, नऊवारीचा काष्टा घट्ट, आणि बोलणं म्हणजे लाकूड फोडल्यासारखं. दर आठवड्याला दुधाची किटली घेऊन ती भावाकडे येई आणि रस्त्यातूनच "मल्ल्याऽऽ" अशी हाक मारी. ती हाक ऐकली की गल्लीला आवाज देणारे आप्पा घाईघाईनं तोंडातला खिळा काढून खिशात टाकत.

अक्का कुणाकडून काही घेत नसे. भावाकडून तर नाहीच. त्यांच्या घरात निम्मं कानडी चाले आणि नको म्हणायला अक्का 'ब्याड' म्हणे. हा शब्द आमच्या गल्लीतल्या पोरासोरांना पाठ झाला होता. आप्पांनी इरकल लुगडं आणलं. ब्याड. ते आप्पांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या अंगावर गेलं. टेबलफॅन आणला. "ब्याड. वारं काय कमी हाय व्हय वडगावात?" मिक्सर आणला. "ब्याड. हात हायत की मला." औषधाचं टॉनिकसुद्धा तिनं म्हशीला लागू पडतं का, एवढंच विचारून परत केलं.

एका संध्याकाळी आप्पा बाबांच्या शेजारी गॅलरीत उभे राहून कुजबुजले, म्हणजे आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "सगळ्या गावाला देतोय, भाऊ. एकाच मान्साला द्यायचं हाय, आनि त्येच घेत न्हाय."

बाबांनी नुसता आप्पांच्या खांद्यावर हात ठेवला.

मी चौथीत असताना एका रविवारी सकाळी उठले, तर खाली गल्लीत मंडप उभा. झुलत्या झालरी, स्टेज, पताका. आप्पांच्या उभ्या आयुष्यातली ही पहिलीच गोष्ट असेल, जी त्यांनी कुणाला आधी सांगितली नव्हती. थोड्या वेळात ते वर आले. अंगात नवा पांढरा शर्ट. चपला काढल्या आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"मालकीण, आज अक्काची एकसष्टी करनार हाय. तुझ्या काकूला बरं न्हाय म्हनून खोटं सांगून बोलावलीया." मग जरा थांबून म्हणाले, "एकसष्टीला लोकं दोन खुर्च्या मांडत्यात, नवराबायकूच्या. अक्काशेजारी मोकळी खुर्ची नगं दिसाया. तुझी खुर्ची एकलीच हाय. तीच पायजे बघ."

मी नुसती बाजूला झाले. खुर्चीत मनी होती. मनी म्हणजे इमारतीची मांजर, कुणाचीच नसलेली. दोन दिवसांपूर्वी ती त्या मखमलीवर व्याली होती. डोळे न उघडलेली पिल्लं तिच्या पोटाशी चिकटलेली. आदल्या खेपेला कुणीतरी तिची पिल्लं हलवली होती आणि त्यातलं एक पुन्हा कुणाला दिसलंच नव्हतं. काल बाबांनी नुसतं टोपलं जवळ नेलं, तर त्यांच्या मनगटावर तिनं चार रेघा ओढल्या होत्या.

"अगं, टोपलीत ठेवू हळूच," आई म्हणाली. "अक्कांचा एवढा दिवस आहे."

मला आप्पांचा चेहरा दिसत होता. नवा शर्टही दिसत होता. हो म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागले. "नाही आप्पा. ती पिल्लं घेऊन जाईल."

आई मला ओढायला पुढं झाली. आप्पांनी हात आडवा केला. "ऱ्हाऊ द्या, वैनी. मालकीण न्हाय म्हनत्या."

"अहो, पण..."

"बाळंतीन हाय. कशी उठवायची?" एवढं बोलून ते वळले. जिना उतरून गेले. गॅलरीतून बघितलं तर स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले होते, नवा शर्ट घालून, एकटेच. मला इतकं वाईट आयुष्यात फार कमी वेळा वाटलं आहे.

तेवढ्यात अक्का आलीच. एका हातात किटली, दुसऱ्या हातात काकूंसाठी काढ्याची पुडी. मंडप बघून थांबली. "मल्ल्याऽऽ! कुनाचं लगीन हाय?"

आप्पांनी सांगितलं. बायका दारात आल्या, दुकानदार पायऱ्या उतरले, सगळी गल्ली कान टवकारून.

"ब्याड," अक्का म्हणाली. सगळ्यांना ठाऊकच होतं.

"आता तसंबी काय न्हाय, अक्का," आप्पा म्हणाले. "खुर्चीच न्हाय. खुर्चीत मांजर व्यालीया."

अक्कानं किटली खाली ठेवली नाही. "कुठं हाय मांजर?"

ती दोन मजले चढून वर आली. मागं आप्पा, मागं काकू, मागं निम्मी गल्ली. आमच्या दीड बांबूच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. अक्कानं कुणाकडे बघितलं नाही. सगळ्यांना हातानं मागं सारलं, खुर्चीसमोर फरशीवर मांडी घालून बसली आणि आईकडून बशी मागून घेऊन तीत किटलीतलं दूध ओतलं. मनी गुरगुरली. अक्का तिच्याशी कानडीत काहीतरी बोलली, आपल्या म्हशीशी बोलावं तसं. जरा वेळानं मनीनं मान लांब केली आणि बशीतलं दूध प्यायला लागली. सबंध खोलीत तेवढाच आवाज.

"अंगावर पीत्यात न्हवं सगळी?" अक्कानं मला विचारलं. मी मान हलवली.

"बरं केलंस. आठ-पंधरा दीस हलवू नगं." मग ती मान न वळवता म्हणाली, "मल्ल्या, मला ह्यात बशिवनार हुतास व्हय रं?"

"व्हय."

"उठून गेली असती मी."

"ठाव हाय मला," आप्पा म्हणाले. दारातून कसेबसे आत शिरलेले, हातात गुलाबी फेट्याचं कापड. स्टेजवर बांधायला म्हणून आणलं होतं, ते तसंच हातात राहिलं होतं. ते खाली बसले, तिच्या पुढ्यात, आणि बोलले ते इतकं हळू, की दारातल्या लोकांनी एकमेकांना विचारलं, काय म्हणाले म्हणून. मी जवळ होते. "अक्का, खुर्ची ऱ्हाऊ दे. मंडप ऱ्हाऊ दे. एवढं तरी घे की."

अक्कानं फेट्याकडे बघितलं. मग भावाकडे. आई डोळ्याला पदर लावून उभी होती. मला वाटलं, आता ब्याड म्हणणार.

"बांध," अक्का म्हणाली. "पर आवळू नगंस."

आप्पांनी आयुष्यभर गाठीच मारल्या होत्या, पण त्या दिवशी त्यांना फेटा बांधता येईना. दोनदा सुटला. तुरा एका कानावर आला. काकूंनी आमच्याच देवघरातलं निरांजन घेऊन ओवाळलं. अक्का फरशीवर, मागं खुर्चीत मनी आणि तिची पिल्लं. खालचा माइक खालीच राहिला आणि भाषण कुणीच केलं नाही. आप्पांना करायचं होतं, पण ते दाराआड जाऊन नाक शिंकरत होते.

जेवणं खाली मंडपात झाली. अक्का पंगतीत बसली नाही, फेटा बांधून वाढत फिरली. "आमटी घ्या की, लाजताय काय!" असं पाहुण्यांवर ओरडत. नवीन आलेल्या लोकांना वाटलं, घरातली कर्ती बाई असेल. आणि त्यांचं काही चुकलं नाही.

पुढच्याच वर्षी बाबांची बदली झाली. आप्पांना मी नंतर बऱ्याचदा भेटले. मंगल कार्यालयं वाढली, गल्लीतले मंडप कमी झाले, पण आप्पांचा आवाज काही कमी झाला नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्यांचं नाव घेतलं की तो दिवस येतो, त्या संध्याकाळचा एस.टी. स्टँड येतो. अक्काला सोडायला आप्पा रिक्षातून आणि मालकीण पाहिजेच म्हणून मी बाबांच्या स्कूटरवर. वडगावची गाडी लागलेली. अक्का खिडकीशी बसली, फेट्यासकट. काढायचं नावच नाही. कंडक्टर तिकिटाची पेटी सावरत म्हणाला, "काय आज्जी, निवडून बिवडून आलासा काय?"

"भावानं बांधलाय," अक्का म्हणाली. हे तिनं अशा काही आवाजात म्हटलं, की शेजारच्या फलाटावरची माणसंसुद्धा वळून बघायला लागली.

गाडी हलली. आप्पा खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला. "अक्का, वडगाव येस्तवर काढू नगंस!"

"न्हाय काढत, जा! म्हशीस्नी दावनार हाय!"

गाडी वळून फाटकाबाहेर गेली. आप्पा स्टँडच्या मधोमध उभे. मागून दुसरी गाडी हॉर्नवर हॉर्न वाजवत होती, ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या देत होता, बाबा हाका मारत होते. आप्पांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते आपले रस्त्याकडे बघत उभे होते, आणि हसत होते.